चिमणीच्या घशातली गाठ

घोड्यांच्या डॉक्टरीणबाई तबेल्यात पोचण्याआधी त्यांचा आवाज पोचायचा. "फाटक कुणी सताड उघडं टाकलंय? अक्कल काय गवताबरोबर चारून टाकलीत?" असं कानावर पडलं की जो तो हातातलं काम एकदम नीट करायला लागायचा. लोक त्यांना तोंडावर डॉक्टरबाई म्हणायचे आणि पाठ फिरली की फटकळबाई. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

बाई अंगाने किरकोळ. घोड्याच्या पोटाखालून जायला तुला वाकावंही लागत नाही, असं त्यांचा सख्खा भाऊच चिडवायचा. गाडीच्या मागच्या बाजूला सोनोग्राफीचं यंत्र, टाके घालायच्या पेट्या, गमबूट, ओले टॉवेल आणि कधीचा तरी अर्धा खाल्लेला पाव, असा सगळा संसार. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ मिळाला नाही." त्यात खोटं काही नव्हतं. एकदा मुलगा बघायला जायच्या दिवशीच कुठल्याशा घोड्याचं पोट दुखायला लागलं होतं, आणि मुलगा काही पोटाने आडवा पडलेला नव्हता.

आडपडदा ठेवायचा नाही म्हणजे किती ठेवायचा नाही, हे बाईंकडून शिकावं. घोड्याच्या मालकाने डोळ्यांत पाणी आणून "वाचेल ना हो?" विचारलं की दुसरा कुणीही डॉक्टर "बघू या, प्रयत्न करू या" म्हणेल. बाई सरळ "नाही" म्हणायच्या. वाचणार असेल तर "वाचेल, पण तुम्ही मध्येमध्ये करू नका" म्हणायच्या. आणि एका बाबतीत तर त्या ब्रह्मदेवाचंही ऐकायच्या नाहीत. रोग कळल्याशिवाय औषध नाही. आधी तुकडा काढायचा, तो तपासायला पाठवायचा, मग सुईला हात लावायचा.

वडील नालबंद होते. जन्मभर घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन खूर तासले. त्यांचा हात थोरल्या मुलाकडे गेला आणि जीभ धाकट्या मुलीकडे. थोरला म्हणजे दादा. गावाच्या कडेला त्याची घोडेस्वारी शिकवायची शाळा होती. दादा स्वभावाने मऊ, इतका की फी बुडवणाऱ्या माणसालाही चहा पाजून पाठवायचा. शाळेचा फोन, पोरांच्या वेळा आणि खुद्द दादा, हे सगळं सांभाळायचं काम वहिनींचं.

आणि त्या शाळेचा जीव म्हणजे चिमणी. नाव चिमणी, पण घोडी अशी थोराड की दारातून वळताना दार कुरकुरावं. तिची आई बाळंतपणातच गेली. दादाने त्या शिंगराला स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ठेवलं, बाटलीने दूध पाजलं, रात्री-अपरात्री उठून पाजलं. तेव्हा ते चिमणीएवढं दिसायचं म्हणून चिमणी. पुढे तिचं जे काही झालं ते झालं, नाव मात्र चिकटलं. पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दादा तिच्यावरच बसवायचा. पाठीवरचं पोर एका बाजूला कलंडायला लागलं तर ही बया आपणहून थांबायची आणि ते सावरेपर्यंत पाय हलवायची नाही.

त्या चिमणीला गाठी आल्या.

दादाचा फोन आला तेव्हा बाई दुसऱ्याच एका घोड्याच्या दातांत हात घालून उभ्या होत्या. "ठमे," दादा म्हणाला. बाईंना ठमी म्हणणारा जगात आता तेवढा एकच माणूस उरला होता. "चिमणीच्या जबड्याखाली गाठ आलीय. खांद्यावर पण एक-दोन आहेत. खाणं कमी झालंय."

"कधीपासून?"

"आत्ताच लक्षात आलं," दादा म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज जरा अडखळला, पण बाईंनी ते घोडीच्या काळजीवर घातलं.

जबड्याखालची गाठ म्हटल्यावर बाईंच्या मनात पहिल्यांदा घशाच्या गाठी पिकून फुटणारा साथीचा रोग आला. तो एकाला झाला की अख्ख्या तबेल्याला गिळतो. त्यांनी येताक्षणी शाळा बंद करायला लावली, चिमणीला सगळ्यात टोकाच्या खोलीत एकटं बांधलं, बादली वेगळी, खरारा वेगळा. नाकातला नमुना तपासायला गेला. निकाल आला, साथ नाही. वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी टाकला नाही. साथ नसेल तर मग ही गाठ कसली, हा प्रश्न त्यांना साथीपेक्षा जड वाटत होता.

त्यांनी खांद्यावरच्या गाठीवरची कातडी सुन्न केली, एक तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत पाठवला. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना त्या भिंगवाले म्हणायच्या. बिचाऱ्याचा डोळा सकाळपासून सूक्ष्मदर्शकालाच चिकटलेला असायचा. भिंगवाल्यांचा फोन आला तो मात्र चमत्कारिक.

"बाई, यात काहीच धड सांगता येत नाहीये. पेशी सुकल्यासारख्या, मेल्यासारख्या. लिम्फोमा असू शकतो. नुसती सूजही असू शकते. या घोडीला आधी स्टेरॉइड दिलं होतं का?"

"छे! घोडी माझ्या भावाची आहे. मला विचारल्याशिवाय तो तिला गूळसुद्धा देणार नाही."

फोन ठेवला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दादाचा तो अडखळलेला आवाज आठवला. गाडी वळवून त्या थेट शाळेवर गेल्या. दादा चिमणीच्या खोलीतलं ओलं गवत काढत होता, वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"दादा, खरं बोल. हिला काय टोचलंस?"

दादाने फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "मागच्या वर्षी नव्या भुशाने हिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, आठवतं? तेव्हा तू दिलेली बाटली. अर्धी उरली होती."

"आणि?"

"या वेळी पण गांधीच वाटल्या गं. टोचलं, तर दोन दिवसांत सगळं साफ! मला वाटलं, चला, सुटलो. पुन्हा आल्या, पुन्हा टोचलं. मग ही जबड्याखालची उठली. तेव्हा घाबरलो आणि तुला फोन केला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं होतं. पण तू..." दादाने हात हलवले. "तू किती बोलली असतीस!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलल्या ते इथे लिहायचं कारण नाही. शेजारच्या खोल्यांतल्या घोड्यांनी कान मागे पाडले, एवढं सांगितलं तरी पुरे. दादा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी वहिनी मध्ये पडल्या. "वन्सं, पुरे झालं आता. त्यांनी केलं ते केलं. पुढे काय करायचं ते सांगा."

पुढे काय करायचं, हेच तर नेमकं अवघड होतं. बाईंनी स्वतःला आवरलं आणि दोघांना समजावून सांगितलं. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्या जागोजागच्या गाठींमध्ये राहतात. त्या पेशींनाच कर्करोग झाला की त्याला लिम्फोमा म्हणतात. स्टेरॉइडने त्या पेशी मरतात, गाठ वितळते, आणि आपल्याला वाटतं की रोग गेला. रोग जात नाही, फक्त दिसेनासा होतो. आता तुकडा काढला तरी त्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडणार नाही. म्हणून औषध एकदम बंद ठेवायचं. गाठी परत फुगू द्यायच्या. मग ताजा तुकडा काढायचा.

"फुगू द्यायच्या?" दादाने विचारलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

मग सुरू झालं ते वाट बघणं. बाई रोज सकाळी यायच्या. घोडीचा ताप बघायच्या, छाती ऐकायच्या, सोनोग्राफीचं यंत्र लावून छातीत पाणी साचलंय का ते तपासायच्या. छाती स्वच्छ होती, पोटही. खांद्यावरच्या गाठी काही परत आल्या नाहीत. आली ती एकटी जबड्याखालची, आणि ती वाढायची ती बाहेर नाही, आत घशाकडे. आधी चिमणीच्या श्वासाला नुसती घरघर लागली. मग ती घरघर अंगणातून ऐकू यायला लागली. नंतर नंतर तर फाटकातच कळायचं. चिमणी मान लांब ताणून, नाकपुड्या ताटलीएवढ्या करून उभी असायची. गवताचा घास तोंडात घ्यायची आणि चावायचं विसरून तशीच थांबायची, कारण चावायचं की श्वास घ्यायचा, यातलं एकच काहीतरी जमत होतं.

दादाने तिच्या खोलीसमोर स्टूल टाकलं आणि तिथेच बसायला लागला. शर्टाच्या खिशात ती बाटली. ती त्याने टाकून दिली नव्हती, आणि बाईंनीही ती मागून घेतली नव्हती. त्याला विश्वासाने ठेवू द्यावी असं त्यांच्या मनात होतं, पण रोज सकाळी आल्या आल्या त्यांची नजर आधी त्या खिशाकडे जायची आणि मग घोडीकडे.

एका दुपारी तो उठला. बाटली हातात घेऊन समोर आला. "ठमे, आता बास. ऐक तिचा आवाज. एक सुई. फक्त एक. तिला श्वास घेऊ दे."

"दिलीस की गाठ परत वितळली. इतके दिवस तिने सोसलं ते सगळं पाण्यात."

"मग जाऊ दे पाण्यात!"

"आणि पुढच्या वेळी? तेव्हा त्या गाठीने औषधाला जुमानलं नाही तर? रोग कुठल्या जातीचा आहे, कुठवर पसरेल, काहीच माहीत नसताना मी कशाशी लढू?"

दादाचा चेहरा लाल झाला. लहानपणापासून त्याने बहिणीवर कधी आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. "तुला घोडी वाचवायचीय की आपलं म्हणणं खरं करायचंय? एकदा सांगून टाक!"

बाईंना ते वर्मी लागलं. मनाच्या तळाशी त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाची घोडी असती तर आपण इतकं ताणलं असतं का? की दादाने आपल्याला फसवलं म्हणून हा हट्ट चाललाय? त्या चिमणीच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हाताखाली प्रत्येक श्वासाला सगळी मान ताठ होत होती.

"उद्या सकाळी काढते," त्या म्हणाल्या. "आता पुरेशी फुगलीय."

सकाळी चिमणीला धुवायच्या फरशीवर आणलं. तुकडा काढायला घोडीला गुंगी द्यावी लागणार होती. गुंगीत घोडं मान खाली सोडतं, मान खाली गेली की नाकाच्या आत सूज येते. आधीच अरुंद झालेल्या घशात ती सूज म्हणजे काय, ते बाईंना सांगायला नको होतं. म्हणून त्यांनी आधीच तिच्या गळ्यावर पुढच्या बाजूला केस भादरून एक चौकोन साफ केला, तिथली कातडी सुन्न केली आणि धातूची वाकडी नळी उकळून शेजारी ठेवली.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"लागली तर," बाई म्हणाल्या. "नाही लागली तर बरंच."

दादाला घोडीचं डोकं खांद्यावर घ्यायला सांगितलं. "काही झालं तरी मान खाली जाऊ देऊ नकोस."

गुंगीचं औषध त्यांनी अगदी बेताचं दिलं. चिमणीचे डोळे जड झाले, खालचा ओठ लोंबला. बाईंनी जबड्याखाली चीर दिली, रक्तवाहिन्या बाजूला सारल्या, बोटाने गाठ चाचपली. गाठ घट्ट, पांढुरकी, ओल्या खोबऱ्यासारखी. त्यांनी चांगला जाड तुकडा कापला आणि वहिनींनी धरलेल्या बाटलीत टाकला. अजून एक घ्यावा म्हणून त्या वळल्या, आणि घरघर थांबली.

अचानक शांत झाल्यावर आधी बरं वाटलं, मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. चिमणीची छाती ताणली जात होती, पण आत हवा जात नव्हती. जिभेचा रंग बदलला. तिने डोळे वटारले, मागचे पाय फाकले आणि ते एवढं धूड दादाच्या अंगावर रेलायला लागलं.

"ठमे!"

"धर! सोडू नकोस!"

बाईंनी गळ्यावरच्या चौकोनात उभी चीर दिली. स्नायू दोन बोटांनी फाकवले. श्वासनलिकेच्या कड्या बोटाला लागल्या. घोडी हलत होती, रक्ताने काही दिसत नव्हतं, दादा खाली वाकत चालला होता, त्याच्या तोंडून नुसतं "चिमणे, चिमणे, उभी राहा गं" एवढंच येत होतं. बाईंनी दोन कड्यांमधला पडदा आडवा कापला आणि नळी आत ढकलली.

भस्सकन हवा शिरली. मग बाहेर आली, रक्ताचे थेंब उडवत, थेट बाईंच्या तोंडावर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चिमणीने मागचे पाय जवळ घेतले आणि उभी राहिली. दादा तिच्या मानेला मिठी मारून लहान मुलासारखा हुंदके देत होता. वहिनींनी तुकड्याची बाटली हातातून सोडली नव्हती. बाई फरशीवर मटकन बसल्या.

भिंगवाल्यांनी या वेळी फोनवर आढेवेढे घेतले नाहीत. "लिम्फोमाच आहे, बाई. मोठ्या पेशींचा, भोवती लहान पेशींची गर्दी. सावकाश चालणारा आहे. छाती-पोट स्वच्छ असेल तर वेळ मिळेल. स्टेरॉइडचं ऐकायला हवं."

बाईंनी ते दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो चिमणीची नळी पुसत होता. फडकं हातात तसंच राहिलं.

"म्हणजे शेवटी तेच औषध? जे मी देत होतो तेच?"

"तेच. पण मापात. आधी रोज सुई, मग गोळ्या, हळूहळू कमी करत. दर दिवशी खूर हात लावून बघायचे, गरम लागले की मला कळवायचं, या औषधाने खुरांत सूज येते. गाठ ऐकेनाशी झाली तर शिरेतून दुसरं औषध देता येईल, ते मी देईन."

दादाने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग त्याने विचारलं, आणि विचारताना बहिणीच्या डोळ्यांत बघितलं. "मी आधी टोचलं त्याने बिघडलं का?"

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी बाईंकडे बघून डोळ्यांनीच विनवलं, नाही म्हणा. नाही म्हणणं किती सोपं होतं! दुसऱ्या कुणालाही सरळ तोंडावर सांगणाऱ्या बाईंना त्या क्षणी वाटलं, जन्मात एकदा खोटं बोलावं, आपल्याच माणसाशी बोलावं.

"हो," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली होता की दादाला पुढे वाकावं लागलं. "थोडं बिघडलं असेल. अर्धवट औषधाने रोग निर्ढावतो. किती, ते मला सांगता येणार नाही, कुणालाच नाही. आणि दादा, तू पहिल्याच दिवशी फोन केला असतास. माझ्या तोंडाला घाबरून केला नाहीस. तेवढं बिघडलं ते माझ्यामुळे."

दादाने मान हलवली. भांडला नाही, रडला नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "सुई कुठे टोचायची ते नीट दाखव. दर वेळी तू कुठे धावत येणार?"

रोगाने औषधाचं ऐकलं. गाठ ओसरली, गळ्यातली नळी निघाली, जखम भरली. चिमणीने पुढचा सगळा उन्हाळा, पावसाळा आणि थंडीचा बराचसा भाग काढला. कुणाला पाठीवर घ्यायचं नाही, एवढंच तिला बंधन. पोरं यायची आणि तिला खरारा करून जायची. ती खायची मात्र अशी की वहिनी म्हणाल्या, हिच्या औषधापेक्षा भूकच महाग पडतेय. बाई आठवड्यातून एकदा येऊन तिची छाती ऐकायच्या आणि त्यात काही सापडलं नाही की कुणाला तरी उगाच झापायच्या.

थंडी सरत आली असताना एका सकाळी फोन वाजला. बाई गाडीत बसून बूट चढवत होत्या.

"ठमे, चिमणी खोकली," दादा म्हणाला. "एकदाच. आत्ता. मी तिच्याजवळच उभा आहे."

"काही दिलंस?"

"नाही. आधी तुला फोन केला."

पुढे काय वाढून ठेवलंय ते बाईंना तेवढ्या एका खोकल्यातच कळलं. रोग छातीत उतरला होता, आणि या वेळी त्यांना तपासायचं कमी आणि तिला वेदनेतून सोडवायचं जास्त होतं. दादालाही ते कळलं असणार, म्हणून तर तो जवळ उभा होता. त्या अर्धा बूट पायात घालून तशाच बसून राहिल्या आणि त्यांना रडू फुटलं, घोडीसाठी, आणि दादाने आधी आपल्याला फोन केला म्हणूनही.

"आले," त्या म्हणाल्या. "तिला मोकळ्यावर उन्हात घेऊन उभा राहा. मी आलेच."